आधी आखणी, मग कुलूप: मराठवाड्यातल्या छोट्या धंद्यासाठी सुरक्षेचा आराखडा

नोव्हेंबरातला शनिवार होता. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनची आवक जोरात होती आणि मी ज्यांचे हिशेब बघतो त्या एका आडतीवर (शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानावर) संध्याकाळी साडेसहाला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागे भलतीच अक्षरं चिकटली होती आणि पडद्यावर पैशाची मागणी झळकत होती. मी पोहोचलो तेव्हा 30-एक शेतकरी पट्टीची, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीची, वाट बघत पोत्यांवर बसले होते. शेटजी म्हणाले, "काळजी नाही, पेनड्राइव्हवर बॅकअप आहे." तो पेनड्राइव्ह तीन वर्षांपासून त्याच संगणकाच्या पाठीमागे खोचलेला होता. त्यातल्या फाइलींचीही तीच गत झाली होती.

त्या दुकानाला दोन शटर होती, सहा कॅमेरे होते, रात्रीचा राखणदार होता. तरी हिशेब पुन्हा उभा करायला 19 दिवस गेले. तेही निभलं, कारण मुनीमकाका जुन्या सवयीने काटापट्टीची (वजनाच्या चिठ्ठीची) दुसरी प्रत रोज लोखंडी तारेत ओवून ठेवत. त्या तारेवरून एकेक चिठ्ठी काढत आम्ही शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले.

कुलूप, कॅमेरा, विमा या सगळ्या वस्तू बाजारात मिळतात. पण काय वाचवायचं, किती वाचवायचं, गडबड झाली की पहिल्या तासात कोणी काय करायचं, हे निर्णय विकत मिळत नाहीत. ते आधी आणि शांत डोक्याने घेऊन कागदावर उतरवावे लागतात. गेली 22 वर्षं मी मोंढ्यातल्या आडतींपासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक भागातल्या छोट्या शेडपर्यंत जे पाहिलं, त्यावरून ही पद्धत बसवली आहे.

पायरी 1: मंदीतला एक दिवस काढा

आराखडा हंगामात होत नाही. आडत दुकानाला एप्रिल-मे बरा, कापड दुकानाला पितृपक्ष, कारखान्याला मोठ्या ऑर्डरनंतरची सुट्टी. सकाळी 10 ते 4 बसा. मालक, हिशेब बघणारा माणूस, मालाजवळ राबणारा एक जुना माणूस आणि घरातलं एक माणूस, एवढे चौघं पुरेत. घरातलं माणूस मुद्दाम सांगतो आहे, त्याचं कारण पुढे येईल. एक शंभर पानी वही घ्या. संगणकावर सुरुवात करू नका, लोक पडद्याकडे बघत बसतात आणि बोलायचं राहून जातं.

पायरी 2: धंदा कशावर उभा आहे ते लिहा

वहीच्या डाव्या बाजूला गोष्टी लिहा: माल, काटा किंवा मशीन, हिशेब, बँक खातं, परवाना, मुनीम, मोठा गिऱ्हाईक, वीज, पाणी. प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट उद्या सकाळी नाहीशी झाली, तर किती दिवस निभेल?

त्या आडतीवर उत्तरं अशी निघाली: काटा बंद पडला तर अर्धा दिवस, हिशेब गेला तर दोन दिवस, बँक खातं अडकलं तर चार दिवस, मुनीमकाका आजारी पडले तर दहा दिवस. वाळूजला जॉबवर्क (दुसऱ्या कंपनीचं काम) करणाऱ्या एका शेडमध्ये हेच विचारलं, तर सगळा धंदा एका डायवर (साच्यावर) आणि एका कंपनीच्या ऑर्डरवर टेकलेला निघाला. मालकाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण आकडा लिहिला तेव्हा तो पाच मिनिटं काही बोलला नाही. जिथला आकडा सगळ्यात लहान, तिथून काम सुरू करायचं.

बँक खात्याचं थोडं जास्त सांगतो, कारण हा धोका नवा आहे आणि लोकांच्या ध्यानात येत नाही. ऑनलाइन फसवणुकीचा पैसा अनेक खात्यांतून फिरतो. त्यातला एखादा हप्ता गिऱ्हाईकाने केलेल्या यूपीआय पेमेंटमधून तुमच्या खात्यात आला, तर तपासासाठी तेवढी रक्कम किंवा अख्खं खातं गोठवलं जाऊ शकतं. तुम्ही माल दिलेला असतो, तुमची चूक काही नसते, पण खातं मोकळं व्हायला वेळ जातो. म्हणून वेगळ्या बँकेत दुसरं चालू खातं ठेवा आणि त्यात पंधरा दिवसांचा खर्च राहू द्या. अनोळखी माणसाची मोठी खरेदी असेल तर बिल, मोबाइल नंबर आणि गाडी नंबर लिहून घ्या. तोच तुमचा पुरावा.

पायरी 3: आपल्या मुलखाचं वर्ष डोळ्यांसमोर आणा

मुंबई-पुण्याच्या सल्ल्यात आपला मुलूख नसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तोवर लातूर-उस्मानाबाद भागात असं काही होईल हे कुणाच्या मनात नव्हतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने मांजरा, सीनेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. अवर्षण आणि पूर, दोन्ही इथलेच.

वहीत बारा महिने लिहा आणि प्रत्येकापुढे तुमच्या धंद्याचा धोका मांडा. एप्रिल-मेमध्ये उन्हाने तापलेली वायरिंग आणि पंखे-कूलरचा वाढलेला भार. जून ते सप्टेंबर गळकं पत्र्याचं छत, तळमजल्याच्या गोदामात शिरणारं पाणी. ऑक्टोबर ते डिसेंबर रोकडीची ने-आण आणि जिनिंगमध्ये कापसाच्या आगीची भीती. मार्चला कर भरण्याच्या नावाखाली येणारे खोटे मेसेज आणि लिंका. प्रत्येक धंद्याचं पंचांग वेगळं निघेल.

पायरी 4: तीनच धोके निवडा

यादी पंचवीसवर जाते आणि तिथेच माणूस थकतो. प्रत्येक धोक्याला दोन गुण द्या: घडण्याची शक्यता 1 ते 5, नुकसान 1 ते 5. गुणाकार करा. वरचे तीन या वर्षी हाती घ्या, बाकीचे वहीत राहू द्या. माझ्या अनुभवात चोरी फार वेळा पहिल्या तिनात येत नाही. उधारी, हिशेबाची माहिती आणि आग येतात. मी पुढे त्यांच्यावरच जास्त लिहितो आहे. चोरीबद्दल एवढंच: कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, गल्ल्याशेजारी ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात.

पायरी 5: पैशाची तटबंदी

उधारीला दोन मर्यादा ठरवा, रकमेची आणि दिवसांची, आणि त्या गिऱ्हाईकासमोर नव्हे तर त्या मंदीतल्या दिवशी ठरवा. एकाच गिऱ्हाईकाकडे एकूण येणे बाकीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त अडकलं असेल तर ते नाव वहीत लाल शाईने लिहा. मर्यादा ओलांडायची तर मालक आणि मुनीम दोघांची सही. पाहुणा असो की पुढारी. "आमच्याकडं दोघांच्या सहीशिवाय होत नाही" हे वाक्य मालकाला भिडेतून सोडवतं.

चेक परत आला तर दिवस मोजायला लागा. बँकेकडून चेक परतल्याची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस असतात आणि ते उलटल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. "देतो की, पळून चाललो का" यात पहिले 30 दिवस सहज निघून जातात.

सरकारी उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदाराला आणि सेवा देणाऱ्याला 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण हे व्यापाऱ्याला लागू नाही. व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, ती फक्त बँकेकडून प्राधान्य क्षेत्रातलं कर्ज मिळण्यापुरती. मोंढ्यातले कितीतरी जण या प्रमाणपत्राच्या भरवशावर उधारी वाढवतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

आता शिलकीचं. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. 2020 पूर्वी ते 1 लाख होतं. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं खातं आणि मालकाचं स्वतःचं खातं एकाच बँकेत असेल तर दोन्ही मिळून एकच मर्यादा. सहकारी बँकांना हे संरक्षण आहे, पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी अशा एका संस्थेत ठेवलेले माझ्या मेव्हण्याच्या दुकानाचे खेळते पैसे अजून अडकलेले आहेत. घरची बचत कुठे ठेवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पुढच्या महिन्यात माल भरायला लागणारा पैसा तिथे ठेवायचा नाही, ही ओळ आराखड्यात असूच द्या.

पायरी 6: हिशेब आणि माहिती

तीन प्रती, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या, त्यातली एक दुकानाबाहेर. एवढा नियम पाळला असता तर ते 19 दिवस गेले नसते. प्रत्यक्षात असं करा: रोज संध्याकाळी दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून घरी न्या. संगणकाला जोडलेली डिस्क म्हणजे बॅकअप धरू नका, व्हायरस तिथेही पोहोचतो. दोन डिस्का ठेवा, सोमवार-बुधवार-शुक्रवार एक, बाकीच्या दिवशी दुसरी. आठवड्यातून एकदा ऑनलाइन जागेवर एक प्रत.

महिन्यातून एकदा बॅकअपमधून माहिती दुसऱ्या संगणकावर परत उघडून बघा. ही गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही. बॅकअप घेतल्याचा हिरवा मेसेज येतो आणि सगळे निर्धास्त होतात. मी एका ठिकाणी उघडायला लावलं, तर आठ महिने रिकामं फोल्डर कॉपी होत होतं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात, तेव्हा जुन्या वर्षांची एक डिस्क वेगळी काढून तिच्यावर वर्ष लिहून कपाटात ठेवा.

काउंटरवरचा संगणक विंडोज 10 वर असेल तर त्याचे नियमित मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. नवीन घेण्याची तारीख आराखड्यात घाला. हिशेबाच्या संगणकावर मुलांचे गेम आणि फुकटची सॉफ्टवेअर नकोत. त्या आडतीवर घाण शिरली ती अशाच एका फुकट मिळवलेल्या प्रोग्रॅममधून.

फसवणुकीसाठी तीन नियम भिंतीवर लावा. एक, पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलल्याचा मेसेज आला तर आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेसेजमधल्या नंबरवर नाही. दोन, गल्ल्यावरचा क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव बघायचं, त्यावर दुसरं स्टिकर चिकटवायला पाच सेकंद लागतात. तीन, गिऱ्हाईकाच्या मोबाइलवरचा "पैसे गेले" हा पडदा बघून माल सोडायचा नाही, आपल्या साउंडबॉक्सवर किंवा खात्यात जमा दिसली तरच.

पायरी 7: माणसं

विश्वास ठेवायचाच, त्याशिवाय धंदा होत नाही. पण बिल बनवणारा, माल काढून देणारा आणि बँकेचा ताळा करणारा (आपली वही आणि बँकेचा उतारा जुळवणारा), ही तीन कामं एका हातात नसावीत. दुकान लहान असेल आणि माणूस एकच असेल तर बँकेचा ताळा मालकाने दर शनिवारी स्वतः करावा, बँकेतून आलेल्या उताऱ्यावरून. प्रत्येकाने वर्षातून सलग सात दिवस सुट्टी घ्यायचीच, आणि त्या दिवसांत त्याचं काम दुसऱ्याने करायचं. कुठे काही मुरत असेल तर याच आठवड्यात वर येतं, आणि काही मुरत नसेल तर दुसरा माणूस तयार होतो. सुट्टी सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर कुणाचा अपमान होत नाही. नोकर सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड, कुलूप आणि व्हॉट्सॲप ग्रुप, तिन्ही बदला.

पायरी 8: आग

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले 6 कामगार गेले. 3 एप्रिल 2024 ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिलाईचं दुकान आणि वर घर अशा इमारतीत एकाच कुटुंबातली 7 माणसं गेली. आपल्या गावोगावी अशीच रचना आहे: खाली दुकान, वर बिऱ्हाड, जिना एकच आणि त्या जिन्यात ठेवलेली खोकी.

म्हणून आगीच्या बाबतीत माल नंतर, माणूस आधी. आजच बघा: रात्री शटर बाहेरून लावल्यावर आत कोणी झोपतं का? झोपत असेल तर आतून उघडणारी दुसरी वाट आहे का? वरच्या मजल्याला गच्चीकडून किंवा मागच्या बाजूने उतरायची सोय आहे का? गच्चीची किल्ली कुठे असते हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असायला हवं. खिडकीला गज असतील तर एका खिडकीचे गज बिजागरीवर उघडणारे करून घ्या, गावातला फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीच्या तोंडाशी नको.

त्यानंतर साधनं. एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा, मालाच्या मागे नाही. त्याचा काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघा. वर्षातून एकदा रिफिलवाला आला की जुनं नळकांडं त्याच्याकडून नुसतं बदलून घेऊ नका, त्यातलं प्रत्येक नोकराला एकदा उघड्यावर वापरायला द्या. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावी-उजवीकडे फिरवायची. हातात धरल्याशिवाय हे जमत नाही.

पायरी 9: विमा वाचून घ्या

बँकेने कर्जासोबत काढलेला विमा आहे म्हणून बहुतेक जण निश्चिंत असतात. ती पॉलिसी मागवा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, रक्कम. गोदामात 40 लाखांचा माल आहे आणि विमा 20 लाखांचा आहे असं समजा. आगीत 10 लाखांचं नुकसान झालं तर 10 लाख मिळतील असं वाटतं. मिळतात 5, कारण विमा निम्माच होता म्हणून भरपाईही निम्मीच. 2021 च्या एप्रिलपासून छोट्या धंद्यांसाठी ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आल्या: एका जागेची एकूण किंमत 5 कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्यावर 50 कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. यांत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढची नाही. विम्याची रक्कम हंगामातल्या सगळ्यात भरलेल्या गोदामावरून ठरवा, मे महिन्यातल्या रिकाम्या गोदामावरून नव्हे.

दुसरी, पत्ता. माल भाड्याच्या दुसऱ्या गोदामात हलवला आणि पॉलिसीवर जुनाच पत्ता राहिला, तर दावा अडकतो.

तिसरी, काय नाही ते. या पॉलिसींत आग, पूर, वादळ, भूकंप येतात. साधी घरफोडी, रस्त्यातली रोकड आणि नोकराने केलेली अफरातफर यांचे विमे वेगळे. ते हवेत की नाही, हे पायरी 4 मधल्या गुणांवरून ठरवा.

दर तीन महिन्यांनी मोबाइलवर गोदामाचा व्हिडिओ काढा आणि घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. नुकसान मोजायला आलेल्या विमा सर्व्हेअरसमोर तो फार कामाला येतो.

पायरी 10: मालक नसताना

घरातलं माणूस बैठकीला बोलवायला सांगितलं ते यासाठी. एकट्याच्या मालकीचा धंदा कायद्याने मालकासोबतच संपतो. खात्यावरचे व्यवहार थांबतात, जीएसटी क्रमांक वारसाला तसाच चालवता येत नाही, नवा घेऊन शिल्लक क्रेडिट (खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट) वळतं करून घ्यावं लागतं. भागीदारीत एक भागीदार वारला तर करारात उलट लिहिलेलं नसल्यास 1932 च्या कायद्याप्रमाणे फर्म विसर्जित होते. करारपत्र काढून ते कलम आहे का बघा. नसेल तर या महिन्यात घाला.

मी अशा घरांत गेलो आहे, जिथे तेराव्यानंतर वहिनींनी विचारलं, "आपलं कुणाकडं किती येणं आहे?" आणि कुणालाच सांगता आलं नाही. ज्यांचं देणं होतं ते मात्र पैसे मागायला दारात उभे होते. म्हणून करा: प्रत्येक खात्याला नामनिर्देशन, येणं-देण्याची यादी दर तीन महिन्यांनी छापून घरी, परवाने-करार-पॉलिसी एका फायलीत, आणि मृत्युपत्र. सही करायचा अधिकार शक्य तिथे आणखी एकाला.

पायरी 11: एक पान

आता सगळी वही एका पानावर आणा. पानाचं नाव "पहिला तास". आग: 101 किंवा 112, मुख्य वीज बंद, माणसं बाहेर, मग मालकाला फोन. पैसे खात्यातून गेले: लगेच 1930 ला फोन, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तुम्ही ओटीपी वगैरे काही दिलेलं नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमच्यावर बोजा येत नाही. संगणक बिघडला: इंटरनेटची वायर काढा, डिस्क लावू नका, हिशेबनिसाला बोलवा आणि कागदी पट्टीबुक सुरू करा. प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव आणि नंबर, आणि तो नसेल तर दुसऱ्याचं. पान मोठ्या अक्षरांत छापा, एक गल्ल्याच्या आत, एक घरी.

मग वर्षातून दोनदा सराव. मालकाने दिवसभर फोन बंद ठेवून बाहेरगावी जायचं आणि सकाळी फक्त एवढं सांगायचं: आज टॅली गेली असं धरा. त्या आडतीवर गेल्या मेमध्ये आम्ही हे केलं. घरून डिस्क आली, दुसऱ्या लॅपटॉपवर 40 मिनिटांत हिशेब उघडायच्या बेतात आला आणि तिथेच अडला, कारण टॅलीचा पासवर्ड एकट्या मुनीमकाकांना ठाऊक आणि ते त्या दिवशी जिंतूरला लग्नाला गेलेले. संध्याकाळी ते परत आल्यावर शेटजींनी त्यांच्याकडून तो कागदावर लिहून घेतला, पाकिटात घालून लाखेने बंद केला आणि तिजोरीत ठेवला. पानावर सर्वांत खाली एक नवी ओळ वाढली: पाकीट तिजोरीत डावीकडे, किल्ली वहिनींकडे.